मॅजिक इम्युनिटी असलेला शत्रू आला की लढाई का अडते, आणि ती कशी सोडवायची

लक्षणं जवळपास प्रत्येक टेबलावर सारखीच दिसतात. डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या रोलप्लेइंग खेळात पार्टीसमोर, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांसमोर, गोलेम (जादूने चालता केलेला पुतळा) उभा राहतो, किंवा राक्षस (या खेळाच्या शत्रूसंग्रहातला), किंवा डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) स्वतः घडवलेला ‘जादू न चालणारा’ सेनापती. विझार्ड (जादूगार) म्हणतो, ‘मी फायटरवर हेस्ट टाकतो,’ म्हणजे योद्ध्याचा वेग वाढवणारा स्पेल (मंत्र). लगेच कोणीतरी म्हणतं, ‘मग त्याचे वार जादूचे झाले, ते याला लागणार नाहीत.’ तिसऱ्याला प्रश्न पडतो की त्याची जादूची तलवार तरी चालेल का. चौथा विचारतो, स्पेलने उचललेला दगड डोक्यात घातला तर? पुस्तकं उघडली जातात, फासे बाजूला पडतात आणि चांगली रंगलेली लढाई थंड होते. पुढच्या वेळी दुसरा शत्रू येतो आणि तोच वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

हा वाद कायमचा मिटवता येतो असं माझं ठाम मत आहे. पण त्यासाठी ‘हे जादूचं आहे का?’ हा प्रश्न आधी बाजूला ठेवायला हवा. फँटसी जगात कुठे ना कुठे सगळ्यालाच जादूचा हात लागलेला असतो, त्यामुळे त्या प्रश्नातून काहीच निष्पन्न होत नाही. विचारायचं ते असं: शत्रूच्या अंगाला जे लागतं, ते त्या क्षणी स्पेल आहे की वस्तू? जादूने घडवलेलं, जादूने वेग दिलेलं, जादूने बळ दिलेलं काहीही असो, अंगावर आदळताना ते पोलाद, दगड किंवा मूठ असेल, तर तो शारीरिक वार. हे सूत्र सगळीकडे कसं लागू पडतं आणि कुठे अपुरं पडतं, ते पुढे पाहू.

आधी तपासा: ही नक्की कुठली इम्युनिटी आहे?

निम्मे वाद इथेच संपतात. ‘याच्यावर जादू चालत नाही’ या एका वाक्याखाली निदान पाच वेगवेगळे नियम दडलेले असतात आणि बोलणाऱ्या प्रत्येकाच्या मनात वेगळा नियम असतो.

पहिला प्रकार अडथळ्याचा. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या जुन्या अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्तीत मॅजिक रेझिस्टन्स टक्केवारीत लिहिलेला असे. टक्केवारीचा फासा टाकायचा, स्पेल एकतर पूर्ण लागायचा नाहीतर पूर्ण वाया जायचा. तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २००० सालापासून, त्याची जागा स्पेल रेझिस्टन्सने घेतली: जादूगाराने वीस बाजूंचा फासा टाकून त्यात आपली कास्टर लेव्हल (जादूगार म्हणून असलेली पातळी) मिळवायची आणि शत्रूच्या आकड्याइतकी किंवा त्याहून जास्त बेरीज करून दाखवायची. यात ‘चालत नाही’ असं काहीच नसतं, कठीण असतं इतकंच.

दुसरा प्रकार पाचव्या आवृत्तीतला मॅजिक रेझिस्टन्स, आणि सर्वांत जास्त गैरसमज याच्याबद्दल आहे. या आवृत्तीच्या मूळ, २०१४च्या नियमांत यातून स्टोन गोलेमला मिळतं ते एवढंच, की स्पेल आणि इतर जादुई परिणामांविरुद्धच्या सेव्हिंग थ्रोवर (परिणाम टाळण्यासाठी टाकायच्या फाशावर) अ‍ॅडव्हान्टेज. म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. बाकी काही नाही. फायरबॉल त्याला भाजतो. स्कॉर्चिंग रेला सेव्ह नसतोच, हल्ल्याचा फासा असतो, म्हणून तिथे त्याचा मॅजिक रेझिस्टन्स मधे येत नाही. तरीही टेबलावर कोणीतरी छातीठोकपणे सांगतं की गोलेमवर जादू चालत नाही, कारण त्याच्या डोक्यात ३.५ आवृत्तीचा (तिसरीच्या सुधारित रूपाचा) गोलेम बसलेला असतो.

तो ३.५चा गोलेम हा तिसरा प्रकार, खरी इम्युनिटी. पण तिचीही मर्यादा स्पष्ट लिहिलेली आहे: ज्या स्पेलवर स्पेल रेझिस्टन्स लागू होतो, तेच स्पेल त्याला लागत नाहीत. त्या आवृत्तीत प्रत्येक स्पेलच्या वर्णनात स्पेल रेझिस्टन्सची एक ओळ असते, हो किंवा नाही. ग्रीस, वेब, अ‍ॅसिड अ‍ॅरो आणि वॉल ऑफ स्टोन या चारही स्पेलपुढे ‘नाही’ आहे. म्हणजे ज्याच्यावर जादू चालत नाही असं म्हणतात, तो गोलेम ग्रीसवरून घसरून पडू शकतो आणि अ‍ॅसिड अ‍ॅरोने भाजतो. वाद घालण्यापेक्षा ती ओळ वाचा.

याच गटात २०१४चा राक्षस येतो. सहाव्या किंवा त्याखालच्या लेव्हलचा कुठलाही स्पेल त्याची इच्छा नसेल तर त्याच्यावर परिणाम करत नाही. त्यावरच्या स्पेलविरुद्ध त्याला अ‍ॅडव्हान्टेज. त्याची चॅलेंज रेटिंग (शत्रू किती अवघड याचा आकडा) १३ आहे, आणि तेराव्या लेव्हलच्या विझार्डकडे सातव्या लेव्हलचा स्पेल स्लॉट (स्पेल टाकण्याची संधी) असतो दिवसाला एकच. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

चौथा प्रकार क्षेत्राचा. अँटिमॅजिक फील्ड हे त्याचं नेहमीचं उदाहरण: दहा फूट त्रिज्येचं वर्तुळ, आत जादूच दबलेली. हा प्रकार शत्रूच्या अंगाचा गुण नाही, जागेचा गुण आहे, म्हणून त्याचे नियम पूर्ण वेगळे.

पाचवा प्रकार तर उलट्या दिशेचा: जादू नसलेल्या शस्त्रांपासून संरक्षण. हा मॅजिक इम्युनिटी नाहीच, पण बऱ्याच शत्रूंच्या अंगी दोन्ही एकत्र असतात, आणि खरा गोंधळ तिथे होतो.

डीएमने लढाईआधी स्वतःच्या वहीत या पाचांपैकी काय लागू आहे ते लिहून ठेवलं, तर खाली लिहिलेलं बरंचसं वाचायची गरज पडणार नाही.

तक्रार: बफ केलेल्या, म्हणजे स्पेलने बळ दिलेल्या, फायटरचे वार लागतात का?

लागतात. हेस्ट, ब्लेस, एन्लार्ज यांचं लक्ष्य तुमचा फायटर आहे, गोलेम नाही. स्पेलने जे करायचं ते फायटरच्या अंगात करून टाकलं. गोलेमच्या पायावर पडते ती कुऱ्हाड, हेस्ट नव्हे. इम्युनिटी शत्रूला स्पेलपासून वाचवते, स्पेलमुळे बदललेल्या जगापासून वाचवत नाही. नाहीतर जादूच्या दाराने आलेल्या माणसाचा वारही वाया जाईल आणि बरं करण्याच्या स्पेलने जिवंत राहिलेल्या फायटरचाही. तिथपर्यंत कोणी ताणत नाही, कारण ते उघडच चुकीचं वाटतं. हेस्टचं तत्त्वही तेच आहे, फक्त ते डोळ्यांसमोर नुकतंच घडलेलं असतं म्हणून शंका येते.

उलट बाजूही तितकीच पक्की. जो स्पेल शत्रूला लक्ष्य करून मग तुमच्या वाराला बळ देतो, तो अडतो. हेक्स आणि हंटर्स मार्क शत्रूवर लावावे लागतात. २०१४च्या राक्षसावर ते लागणार नाहीत, त्यामुळे त्यांचं जादा डॅमेजही मिळणार नाही. हेक्स वापरणाऱ्या वॉरलॉकच्या खेळाडूला हे अन्यायाचं वाटतं, पण फरक खरा आहे: ब्लेस तुमच्या हातावर आहे, हेक्स त्याच्या अंगावर.

अँटिमॅजिक फील्डमध्ये मात्र हेस्ट झालेला फायटर आत शिरताच साधा फायटर होतो, एन्लार्ज झालेला मूळ आकारात येतो. तिथे शत्रू इम्यून नसतो, जागाच तशी असते. हे दोन नियम एकमेकांत मिसळले की काय होतं, ते आता पाहू.

तक्रार: जादूची तलवार चालते का?

सगळ्यात जास्त कीस याच मुद्द्याचा पाडला जातो, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो.

एक मत असं असतं की मॅजिक इम्यून शत्रूला तलवार लागताना तिची जादू ‘बंद’ होते आणि ती साधी तलवार म्हणून लागते. ऐकायला समतोल वाटतं, पण हे मत टिकत नाही. ३.५चा स्टोन गोलेम किंवा २०१४चा राक्षस घ्या. राक्षस जादू नसलेल्या शस्त्रांच्या हल्ल्यांना इम्यून आहे. त्याच्या स्पर्शाने तलवारीची जादू बंद होत असती, तर त्याला कुठलंच शस्त्र कधीच लागलं नसतं. पण त्याच्याच वर्णनात लिहिलंय की सज्जन माणसाच्या हातातल्या जादूच्या टोचणाऱ्या शस्त्राने त्याला दुप्पट इजा होते. म्हणजे जादूचं शस्त्र त्याच्या अंगाला लागताना जादूचंच राहतं, हे नियम लिहिणाऱ्यांनी गृहीतच धरलं आहे. ‘स्पेल’ आणि ‘जादूची वस्तू’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इम्युनिटीच्या वाक्यात लिहिलेला आहे तो स्पेल.

यातून बऱ्याच गोष्टी सरळ होतात. पाचव्या आवृत्तीतल्या फ्लेम टंग तलवारीची आग राक्षसाला भाजते, कारण ती वस्तूची आग आहे. मॅजिक वेपन हा दुसऱ्या लेव्हलचा स्पेल साध्या तलवारीवर टाकला, तर तो तलवारीला लागला, राक्षसाला नाही. माझा निवाडा असा की ती तलवार राक्षसाला कापते. एलिमेंटल वेपनमध्ये थोडं थांबून बघावं लागतं. तलवार कापते, पण आगीचं किंवा विजेचं जे जादा डॅमेज आहे ते स्पेल स्वतः शत्रूच्या अंगात घालतो, म्हणून तेवढं वजा. बूमिंग ब्लेडचंही तसंच: शस्त्राचा वार लागतो, गडगडाटाचं जादा डॅमेज नाही. एका वाराचे असे दोन भाग करणं सुरुवातीला किचकट वाटतं, पण दोन-तीन फेऱ्यांत टेबल सरावतं, आणि खेळाडू आपणहून सांगू लागतात की यातलं इतकं पोलादाचं आणि इतकं स्पेलचं.

पॅलाडिनच्या (पवित्र योद्ध्याच्या) डिव्हाइन स्माइटवर, म्हणजे वारात दैवी इजेची भर घालणाऱ्या शक्तीवर, आवृत्तीचा घोळ आहे आणि तो सध्या फार दिसतो. २०१४च्या नियमांत स्माइट हा स्पेल नव्हता. स्पेल स्लॉट खर्चून वापरायचं ते क्लासचं वैशिष्ट्य होतं. त्यामुळे राक्षसाला स्माइट लागायचा. पाचव्या आवृत्तीच्या सुधारित, २०२४च्या नियमांत डिव्हाइन स्माइट हा पहिल्या लेव्हलचा स्पेल झाला. आता पॅलाडिन नव्या पुस्तकातला आणि राक्षस जुन्या पुस्तकातला असेल, तर अक्षरशः वाचल्यास पॅलाडिनचं सर्वांत मोठं हत्यार अचानक बोथट होतं. राक्षस नव्या पुस्तकातला घेतला तर ही अडचण येत नाही, कारण २०२४चा राक्षस स्पेलच्या लेव्हलवर चालत नाही: तो स्पेलविरुद्धचे सेव्ह आपोआप जिंकतो आणि स्पेलच्या हल्ल्याचे फासे त्याच्यावर आपोआप चुकतात. स्माइटमध्ये यातलं काहीच नसतं, म्हणून तो लागतो. दोन पुस्तकं एकत्र वापरत असाल तर माझा आग्रह आहे की स्माइट लागू द्या. पॅलाडिनने राक्षसाला मारावं ही त्या शत्रूच्या घडणीतलीच गोष्ट आहे. नियमाच्या शब्दात बदल झाला म्हणून ती हिरावून घेऊ नका.

तक्रार: फायटरही काही करू शकत नाही

‘जादू चालत नाही, तर मग तलवार काढा’ असं म्हणून पार्टी पुढे जाते आणि तलवारही चालत नाही. इथे पाचवा प्रकार समोर येतो. २०१४च्या नियमांत स्टोन गोलेम, आयर्न गोलेम यांना जादू नसलेल्या, अ‍ॅडमँटिन नसलेल्या शस्त्रांच्या हल्ल्यांनी काहीच होत नाही (अ‍ॅडमँटिन म्हणजे या जगातला अतिकठीण धातू). वेअरवुल्फचं (लांडगा होणाऱ्या माणसाचं) तेच, तिथे चांदी चालते; शस्त्राला चांदीचा मुलामा द्यायला १०० सुवर्णमुद्रा लागतात. रिकाम्या हातांनी लढणाऱ्या मंकचे हात सहाव्या लेव्हलला जादूचे मानले जातात, प्राण्याचं रूप घेणाऱ्या मून ड्रुइडचे पंजेही सहाव्या लेव्हललाच. त्याआधी पार्टीत जादूचं एकही शस्त्र नसेल आणि डीएमने असा शत्रू आणला असेल, तर दोष खेळाडूंच्या डावपेचात शोधू नका. ती लढाईच अजून या पार्टीसाठी तयार नव्हती.

त्यातूनही वाट निघते. संरक्षण ‘हल्ल्यां’पासून आहे, पडण्यापासून नाही. पाचव्या आवृत्तीत दर दहा फूट पडण्याला एक सहा बाजूंचा फासा, जास्तीत जास्त वीस फासे. कड्यावरून ढकललेला वेअरवुल्फ पडल्याची इजा सोसतो. धक्का देणं, धरून ठेवणं, दरीकडे रेटणं यातलं काहीही डॅमेजवर चालत नाही, म्हणून तिथे इम्युनिटीचा संबंध नाही. बऱ्याच टेबलांवर लढाई म्हणजे फक्त हिट पॉइंट (जीव मोजणारे गुण) कमी करणं असं होऊन बसतं, आणि मग असे शत्रू अजिंक्य वाटू लागतात.

३.५मध्ये हिशोब वेगळा. आयर्न गोलेमचं डॅमेज रिडक्शन १५/अ‍ॅडमँटिन, म्हणजे अ‍ॅडमँटिन नसलेल्या प्रत्येक वारातून पंधरा वजा. इथे दोन हातांनी चालवलेली मोठी तलवार आणि दोन खंजीर यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पाच छोटे वार पाचही वेळा शून्यावर येतात. एक जबरदस्त वार आत घुसतो. म्हणून त्या आवृत्तीत सगळे बफ एका जबरी वार करणाऱ्यावर लावणं हाच शहाणपणा, आणि विझार्डने ‘माझा काही उपयोग नाही’ म्हणून बसून राहणं ही सर्वांत महाग पडणारी गोष्ट. क्ले गोलेमला १०/अ‍ॅडमँटिन आणि बोथट असं दोन्ही लागतं, तिथे अ‍ॅडमँटिनची तलवार नेऊनही भागत नाही, गदा हवी. आणखी एक: ३.५मध्ये तलवार नुसती जादूची असून अ‍ॅडमँटिनचं संरक्षण भेदत नाही. पाथफाइंडर या त्याच्यासारख्याच खेळाच्या पहिल्या आवृत्तीत +४ तलवार ते भेदते. दोन्ही खेळ एकमेकांसारखे दिसतात म्हणून ही गल्लत नेहमी होते.

२०२४च्या नियमांचा शत्रूसंग्रह वापरत असाल तर जादू नसलेल्या हल्ल्यांपासूनचं हे संरक्षणच काढून टाकलेलं आहे. म्हणजे ही तक्रार तिथे येऊच नये. येत असेल, तर कोणीतरी जुनं पान उघडलं आहे.

तक्रार: स्पेलने फेकलेला दगड

इथे माझं सूत्र सर्वांत जास्त कामाला येतं, आणि इथेच ते थोडं अपुरंही पडतं.

स्पेल अजून चालू आहे का, हे आधी बघा. वॉल ऑफ स्टोन ३.५मध्ये क्षणात घडून संपतो. पुढे उरतो तो दगड. पाचव्या आवृत्तीत पूर्ण दहा मिनिटं एकाग्रता ठेवली की भिंत कायमची होते आणि डिस्पेल करून, म्हणजे दुसऱ्या स्पेलने, काढताही येत नाही. त्यानंतर ती भिंत गोलेमच्या अंगावर ढकलली तर ती फक्त वजनदार दगड आहे. छताचा खांब स्पेलने फोडला आणि छत शत्रूवर कोसळलं, तर स्पेल खांबाला लागला, शत्रूला छत लागलं. यात शंकेला जागा नाही.

टेलेकिनेसिसने धोंडा उचलून शत्रूच्या डोक्यावर नेला आणि सोडून दिला. सोडल्यानंतर पडतं ते वजन. माझा निवाडा: लागतं, पडणाऱ्या वस्तूच्या हिशोबाने.

कॅटापल्ट या स्पेलचं मात्र तसं नाही. त्यात वस्तू फेकली जाते हे खरं, पण शत्रूने सेव्ह करायचा आणि किती डॅमेज घ्यायचं हे स्पेलचं वर्णनच ठरवतं. दगडाचं वजन किती, वेग किती, याला महत्त्व नाही. हलक्या वस्तूलाही तेच तीन आठ बाजूंचे फासे. तेव्हा ही इजा स्पेलचीच, आणि २०१४चा राक्षस ती सोसत नाही. काही डीएम याच्या उलट निर्णय देतात आणि त्यांची बाजूही समजण्यासारखी आहे: शेवटी दगडच लागतो ना. मी कसोटी अशी लावतो की इजेचा आकडा कुठल्या पानावरून आला. स्पेलच्या पानावरून आला तर स्पेल. पडण्याच्या, शस्त्रांच्या किंवा सापळ्यांच्या नियमातून आला तर वस्तू.

बोलावलेल्या प्राण्यांनाही हीच कसोटी. ३.५मधला समन केलेला लांडगा स्वतःच्या दातांनी चावतो, त्याच्या चाव्याला शत्रूचा स्पेल रेझिस्टन्स लागू होत नाही. २०१४च्या कंज्युर अ‍ॅनिमल्समध्येही खरेखुरे प्राण्यांचे आकडे असतात, फक्त त्यांचे दात जादूचे नसतात, म्हणून राक्षसापुढे ते दुसऱ्या कारणाने अडतात. २०२४मध्ये त्याच नावाचा स्पेल प्राण्यांचा एक आत्मिक कळप उभा करतो आणि सेव्ह व डॅमेज स्पेलच ठरवतो. नाव तेच, निकाल वेगळा. आणि स्पिरिच्युअल वेपन दिसायला कितीही तलवारीसारखं असलं तरी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत स्पेलच आहे. तिथे पोलाद नाहीच.

अँटिमॅजिक फील्डमधली लढाई

डीएमने आपल्या शत्रूला हे वर्तुळ दिलं की पार्टीला आधी वाटतं, विझार्ड गेला, बाकी आपण ठीक आहोत. तसं नाही. पाचव्या आवृत्तीत वर्तुळाच्या आत +१ तलवार साधी तलवार होते. शिवाय हल्ला करणारा आत असो की ज्याच्यावर हल्ला होतो तो आत असो, शस्त्राची जादू दबते. म्हणून बाहेर उभं राहून आतल्या शत्रूवर मारलेला जादूचा बाण साधा बाण म्हणूनच लागतो. पण आतून बाहेर मारलेला बाण वर्तुळ पूर्ण ओलांडताच पुन्हा जादूचा होतो. धनुर्धर कुठे उभा आहे याला एवढं महत्त्व दुसऱ्या कुठल्याच लढाईत येत नाही, आणि मला हा नियम त्यासाठी फार आवडतो.

आता २०१४चा वेअरवुल्फ या वर्तुळात उभा करा. तुमची सगळी जादूची शस्त्रं त्याच्यापुढे निकामी, चालते फक्त चांदी. स्टोन गोलेम आत उभा करा, चालतं फक्त अ‍ॅडमँटिन, कारण पाचव्या आवृत्तीत गोलेम स्वतः या वर्तुळाने थांबत नाही. जिवंत झालेलं चिलखत मात्र थांबतं, त्याच्या वर्णनात तसं लिहिलंय. स्वतःच्या पार्टीच्या विझार्डने ‘याची जादू काढून टाकतो’ म्हणून गोलेमभोवती हे वर्तुळ केलं तर तो आपल्याच फायटरचे हात बांधतो. हे खेळाडूंना लढाईआधी माहीत असायला हवं, कारण लढाईत कळून उपयोग नाही.

ड्रॅगनचं काय? तो उडतो, आग ओकतो. ते दबतं का? पाचव्या आवृत्तीच्या अधिकृत सेज अ‍ॅडव्हाइसमध्ये यासाठी चांगली चाचणी दिली आहे. ती गोष्ट जादूची वस्तू आहे का? ती स्पेल आहे का, किंवा स्पेलचा परिणाम घडवते का? तो स्पेल अटॅक आहे का? ती स्पेल स्लॉटवर चालते का? तिच्या वर्णनात ती जादूची आहे असं लिहिलंय का? एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर ती जादू. ड्रॅगनच्या श्वासाला एकही ‘हो’ मिळत नाही, म्हणून तो वर्तुळातही भाजतो. ही चाचणी मी इतर खेळांतही वापरतो; शब्द बदलावे लागतात, क्रम नाही.

स्वतः बनवलेलं कॅरेक्टर आणि लिहून खेळली जाणारी लढाई

फासे नसलेल्या, परिच्छेद लिहून खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेमध्ये ही समस्या सर्वांत कडवट होते, कारण तिथे पान उघडून दाखवता येत नाही. एकाचं कॅरेक्टर ‘सर्व जादूला इम्यून’ असतं. दुसऱ्याचा योद्धा जादूच्या बळाने पहाड फोडतो. ठोसा लागतो, आणि पहिला लिहितो: तुझं बळ जादूचं होतं, माझ्या अंगाला लागताच ते विरलं, मला काही झालं नाही. दोघांनाही आपण बरोबर आहोत असं मनापासून वाटत असतं.

यावर उपाय एकच, खेळ सुरू होण्याआधी इम्युनिटीचा प्रकार ठरवून घेणं. ती त्वचेसारखी आहे की वर्तुळासारखी? त्वचेसारखी असेल तर ठोशाचा वेग आणि वजन शरीरात आधीच आलेलं असतं. स्पर्शाला जे लागतं ते हाडामांसाचं, आणि ते लागलंच पाहिजे. वर्तुळासारखी असेल तर योद्धा जवळ येताच दुबळा होतो, हेही चालेल. पण मग त्याच वर्तुळात त्या इम्यून कॅरेक्टरची स्वतःची जादूची तलवार, त्याचं चिलखत आणि त्याच्या मित्रांचं बळही दुबळं व्हायला हवं. दोन्हींचे फायदे घेऊन दोन्हींची किंमत टाळता येत नाही. मला दिसलेल्या बहुतेक भांडणांत नेमकं तेच चाललेलं असतं: बचाव करताना वर्तुळ, हल्ला करताना त्वचा.

दुसरा प्रश्न बरं होण्याचा. जादू लागत नाही, मग क्लेरिकचा (पार्टीतल्या धर्मगुरूचा) उपचार लागतो का? राक्षसाच्या नियमात ‘त्याची इच्छा नसेल तर’ हे शब्द आहेत, म्हणून तो हवी ती जादू स्वीकारू शकतो. ३.५मध्ये स्पेल रेझिस्टन्स असलेला प्राणी आपली ढाल मुद्दाम खाली करू शकतो, पण त्यासाठी त्याला आपली एक स्टँडर्ड कृती (फेरीतली मुख्य कृती) खर्चावी लागते आणि तेवढ्या वेळात शत्रूचे स्पेलही आत येतात. खेळाडूच्या कॅरेक्टरला मी नेहमी हा दुसरा नियम सुचवतो. लढाईच्या मध्यावर, रक्तबंबाळ अवस्थेत, मित्राच्या उपचारासाठी ढाल खाली करायची की नाही, या निर्णयातून उत्तम प्रसंग उभे राहतात. किंमत नसलेल्या इम्युनिटीतून ते कधीच उभे राहत नाहीत.

विझार्डने काय करायचं

नियम सगळे नीट लावले तरी एक तक्रार उरते: चार तासांच्या सत्रात विझार्डचा खेळाडू नुसता बसून राहतो. ही खरी तक्रार आहे आणि तिची जबाबदारी डीएमवर येते.

इम्युनिटी लवकर दाखवा. पहिला स्पेल विरतो तेव्हा ‘काही होत नाही’ एवढंच म्हणून गप्प बसू नका. ज्वाळा त्याच्या छातीवर फुटून दोन्ही बाजूंना कशा वाहून गेल्या ते सांगा, म्हणजे खेळाडूला कळतं की फासा वाईट पडला म्हणून नाही, हा शत्रूच तसा आहे. राक्षसापुढे तेराव्या लेव्हलच्या विझार्डकडे चालणारा स्लॉट एकच आहे. तो कळण्याआधीच खर्च झाला तर खेळाडूच्या हातात पुढे काहीच उरत नाही.

मग त्याला काम द्या. शत्रूवर जादू चालत नसेल तरी जमिनीवर चालते, छतावर चालते, मित्रांवर चालते. ३.५च्या गोलेमांची खरी गंमत त्यांच्या अपवादांत आहे. आयर्न गोलेमला वीज मारली तर डॅमेज होत नाही, पण तो तीन फेऱ्या मंदावतो. आग मारली तर तो मंदपणा जातो आणि त्याच्या जखमाही भरतात. स्टोन गोलेमवर स्टोन टू फ्लेश टाकला की एका पूर्ण फेरीसाठी त्याचं डॅमेज रिडक्शन आणि इम्युनिटी दोन्ही जातात. तो स्पेल विझार्डने टाकायचा आणि त्या एका फेरीत फायटर, रोग (लपून वार करणारा चोर), रेंजर सगळ्यांनी तुटून पडायचं. जादू आणि तलवार यांना एकमेकांची गरज पडते ती अशा ठिकाणी. तुमचा शत्रू तुम्ही स्वतः बनवत असाल तर त्याला असा एक तरी अपवाद द्या, आणि त्याचा सुगावा लढाईआधी कुठेतरी ठेवा: गोलेम घडवणाऱ्याच्या कार्यशाळेतली टिपणं, वीज पडून काळी झालेली एक जुनी मूर्ती, पळून आलेल्या शिकाऊ कारागिराची अर्धवट हकिगत.

वाद सत्राच्या मध्येच उभा राहिला तर

पुस्तक शोधत बसू नका. स्पेलच्या पानावरचा आकडा असेल तर ‘नाही’, शस्त्राच्या किंवा पडण्याच्या नियमातला असेल तर ‘हो’, असा निर्णय लगेच द्या, वहीत एक ओळ लिहा आणि पुढचा फासा टाकायला सांगा. तरीही शंका उरली तर खेळाडूच्या बाजूने निकाल द्या. एखादा वार जादा लागल्याने लढाई बिघडत नाही. सत्र संपल्यावर नियम बघा. निर्णय चुकलेला निघाला तर पुढच्या सत्रापासून बदला आणि तसं सगळ्यांना सांगा, झालेली लढाई उलटवू नका. ही वही दर वेळी सोबत ठेवा. दुसऱ्या गोलेमच्या वेळी तिच्यातली दोन पानं पुरतात, आणि नवीन खेळाडू आला की त्याला पहिल्याच दिवशी ती वाचायला देता येते.